छावणीतील दूरचित्रवाणी : स्वदेशाची संपादित संहिता

परदेशी तळांवर सहकुटुंब राहणाऱ्या अमेरिकी सैनिकांपर्यंत मायदेशीच्या वाहिन्या जशाच्या तशा पोहोचत नाहीत. पोहोचते ती त्यांची संपादित आवृत्ती. १९४२ मध्ये नभोवाणीपासून आरंभ झालेल्या आणि १९५०च्या दशकात दूरचित्रवाणीपर्यंत विस्तारलेल्या सैन्यदल प्रसारणसेवेने ती सिद्ध केली. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने तिच्यातील गाळलेल्या जागा विशेष बोलक्या आहेत.

कार्यक्रम निर्मात्यांकडून विनामूल्य वा अल्प मोबदल्यात मिळतात. त्यामुळे, आणि शासकीय यंत्रणेने कोणत्याही मालाची भलामण करू नये या दंडकामुळे, व्यापारी जाहिराती वगळल्या जातात. त्या जागी वाहनात पट्टा बांधा, लष्करी हालचालींची वाच्यता करू नका, टपाली मतदान करा, अशा सूचना येतात. ‘सुपर बोल’ सामन्यातील जाहिरातींची चर्चा अमेरिकेत खेळाइतकीच रंगते. तळावर मात्र तोही जाहिरातींवाचून पाहावा लागतो. जाहिरातींची पाने काढून टाकलेला दिवाळी अंक हाती आला, तर मराठी वाचकाला काय वाटेल? मजकूर तोच, पण त्याभोवतीचा बाजार, म्हणजे त्या समाजाचा नित्याचा व्यवहार, नाहीसा झालेला. घराची आठवण ज्या क्षुल्लक तपशिलांनी जागी होते, नेमके तेच गळून पडतात.

प्रक्षेपण-हक्कांची दुसरी बाजू यजमान देशाशी निगडित आहे. तेच कार्यक्रम स्थानिक वाहिन्यांनाही विकले जातात. म्हणून उपग्रहावरील प्रक्षेपण अधिकृत डीकोडरवाचून दिसणार नाही, अशी तजवीज करण्यात आली. त्यापूर्वी जर्मनीत तंत्रभेदानेच कुंपण घातले होते : तळांचे प्रक्षेपण अमेरिकी ‘एनटीएससी’ पद्धतीचे, तर जर्मन घरांतील संच ‘पाल’ पद्धतीचे.

दक्षिण कोरियात असे कुंपण नव्हते. तेथे १९५७ मध्ये सुरू झालेली ‘एएफकेएन’ ही वाहिनी सोलमधील सामान्य घरांतही दोन क्रमांकावर दिसे आणि इंग्रजी शिकण्यासाठी तिचा सर्रास उपयोग होई. अशा दर्शकांना ‘छायाप्रेक्षक’ म्हणण्याचा प्रघात आहे. संज्ञा अपुरी वाटते. संख्येने ते मूळ प्रेक्षकांहून कितीतरी अधिक होते. सैनिकाला जी आवृत्ती उणी भासे, तीच कोरियन विद्यार्थ्यापुढे अमेरिकेची मूळ संहिता म्हणून येई, आणि सैनिकांसाठीच्या सूचनाही तिचाच भाग ठरत. १९९६ मध्ये तो क्रमांक कोरियन शासनाकडे परत गेला. २०१२ मध्ये तळाबाहेरच्या साध्या संचांवर पोहोचणारे प्रक्षेपणही थांबले.