माघातला पराग

वसंताचं वर्णन करायला बसलं की लेखणीतून आंब्याचा मोहर, पळस आणि मोह ही तीन नावं आपोआप उतरतात. दुर्ग-भिलाईकडे तिन्ही झाडं मुबलक, त्यामुळे आम्हा इथल्या मराठी मंडळींना वर्णनासाठी लांब जावं लागत नाही. पण थंडी सरता सरता मधमाशी ज्याच्या शोधात असते, त्या परागासाठी ही यादी फारशी कामाची नाही.

मकरंद म्हणजे साखर, उडण्याची ताकद. पराग म्हणजे प्रथिनं, आणि त्यांच्यावाचून पिलावळ वाढत नाही. पराग खाऊनच तरुण दाई माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींत अळ्यांना भरवायचा रस तयार होतो. युरोपीय माशीवर झालेल्या मोजमापांनुसार एक माशी वाढवायला शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम पराग लागतो. माशी मागच्या दोन्ही पायांवर परागाच्या गोळ्या वाहून आणते, त्या मिळून भरतात दहा-पंधरा मिलिग्रॅम. म्हणजे एका बहिणीमागे आठ-दहा खेपा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोळी फुटून नवी घरं होतात, तेव्हा त्याआधी, पौष-माघातच ही आवक वाढावी लागते.

आता आंबा पाहा. मोहराच्या एका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारावर फुलं असतात, पण एका फुलात सहसा एकच पुंकेसर कामाचा असतो. अशा फुलातून पायावरची गोळी भरणं म्हणजे मोठंच कष्टाचं काम. मोहरावर गर्दी दिसते ती बरीचशी माश्यांची, घरात येतात त्या साध्या माश्यांची. पळसाची तऱ्हा वेगळी. त्याचे पुंकेसर नौकेच्या आकाराच्या वाकड्या पाकळीत मिटलेले असतात. ती पाकळी उघडायचं काम शिंजीर करतो, मकरंदासाठी चोच खुपसताना. मोह तर मार्च उजाडल्याशिवाय फुलत नाही, आणि फुलला तरी त्याचा कारभार रात्रीचा, वटवाघळांच्या भरवशावर.

मग माघात पराग येतो कुठून? पहिलं उत्तर शेतात आहे, तेही धानाच्या खुंटांमध्ये. छत्तीसगडच्या मैदानात आणि पलीकडे भंडारा-गोंदियाकडेही 'उतेरा' घेतात. धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी, बांधीतली ओल टिकून असताना, उभ्या पिकातच लाखोळी किंवा जवस शिंपून द्यायचा. नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही. लाखोळीला इथे तिवरा म्हणतात. तिचं फूल शेंगवर्गी, पराग पाकळ्यांत झाकलेला, आणि परागण बहुतेक आपलं आपणच उरकणारं. माशी येते, पण तिच्यासाठी हे जेमतेम दुकान. जवसाचं तसं नाही. निळं, उघडं फूल. पुंकेसर समोर, परागकोशही निळसर.

मात्र जवसाला घाई असते. फूल सकाळी उघडतं आणि दुपार व्हायच्या आत पाकळ्या गळू लागतात. जानेवारीच्या सकाळी शिवनाथ नदीच्या काठाला धुकं असतं, पारा दहा-बाराच्या आसपास, आणि ऊन अंगावर आल्याशिवाय माशी नीट उडत नाही. दोघांच्या वेळा जुळतात त्या दोन-तीन तासांपुरत्या. अशा वेळी जवसाच्या शेताच्या बांधावर उभं राहून पाहावं. माशी फुलावर उतरते तेव्हा अंगावरच्या केसांना पराग चिकटतो. मग ती हवेत तरंगता तरंगता पुढचे आणि मधले पाय अंगावरून फिरवते, पोटातला थोडा मकरंद लावून ती भुकटी ओली करते आणि मागच्या पायांकडे सरकवते. तिथे सांध्यात दाबून ती भुकटी पायाच्या बाहेरच्या खोलगट भागात वर चढते. गोळी वाढत जाते ती खालून. एका खेपेत माशी सहसा एकाच जातीची फुलं धरते, म्हणून गोळीचा रंग एकसारखा असतो: मोहरीची पिवळीधमक, जवसाची निळसर राखाडी, मक्याची फिकट.

घरी परतल्यावर ती मागचे पाय रिकाम्या घरात घालून गोळ्या झटकते आणि चालू लागते. पुढचं काम दुसरीचं. ती डोक्याने पराग ठासते, रांजणात चिंच भरावी तसा. वर मध पडतो, मग पराग आंबतो आणि टिकतो. हा साठा पिलावळीच्या कडेलाच असतो, दाईच्या हाताशी.

शेताबाहेर पहिलं मोठं कोठार काटेसावरीचं. पानं झडलेली, फांद्यांवर मांसल लाल फुलं, आणि आत पुंकेसरांचे जुडगेच्या जुडगे, उघडे. माशीला निव्वळ लाल रंग दिसत नाही हे खरं, आणि सावरीचं फूलही पक्षी-वटवाघळांना डोळ्यांसमोर ठेवूनच घडलेलं आहे. तरीही माश्या येतात. एकीला ठिकाण सापडलं की ती बाकीच्यांना नाचून कळवते. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३चं नोबेल मिळालं ते प्राण्यांच्या वर्तनाचा, विशेषतः या नाचाचा, उलगडा केल्याबद्दल. आपली सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत, अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते. झुडपात तळहाताएवढं एकच पोळं बांधणारी फुलोरी माशी पोळ्याच्या वरच्या सपाट माथ्यावर, उघड्यावर नाचते, आणि तिच्या नाचाची रेघ थेट फुलांच्या दिशेला असते. दिवसाढवळ्या पाहता येणारी ही गोष्ट आपल्याकडे फार थोडे लोक पाहतात. पोळं दिसलं की आपण आधी धुराची सोय बघतो.

धमधा भागात हिवाळ्यात टोमॅटोची शेतंच्या शेतं असतात. फुलं पिवळी, भरपूर, आणि मधमाशीला जवळपास निरुपयोगी. टोमॅटोचे परागकोश जुळून नळी झालेली असते. ती हलवल्याशिवाय पराग पडत नाही. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून पंखांच्या स्नायूंनी गुणगुणत हादरा देते. मधमाशीला ते येत नाही. एवढा फुलोरा आणि तिच्यासाठी उपासच.

भिलाईच्या टाउनशिपमध्ये चित्र जरा बरं आहे. १९५५च्या सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखान्याबरोबर वसाहत उभी राहिली आणि तिच्यासोबत झाडंही लागली. आज क्वार्टरच्या परसात शेवगा असतो, तो नेमका याच दिवसांत फुलतो. निलगिरीच्या फुलाला दाखवण्यासारख्या पाकळ्या नाहीत, नुसते पुंकेसरांचे झुपके. माशीला याहून सोपं काय हवं? उंच पाण्याच्या टाक्यांखाली, इमारतींच्या सज्जांना आग्या मोहोळं लटकतात. ती कायमची रहिवासी नाहीत. मोसमाप्रमाणे गाव बदलतात. आणि ज्याला कोणी लावत नाही असं एकदांडीचं तण, पायवाटेच्या कडेला, वर्षभर थोडंथोडं देत राहतं. परसबाग साफ करताना आपण तेच आधी उपटतो. कोथिंबिरीचे चार-दोन वाफे न खुडता फुलू दिले तर धनेही मिळतात आणि माश्याही. माझ्या मते बाजारातल्या कुठल्याही शोभेच्या रोपापेक्षा ते बरं.

बर्फाच्या मुलुखातली माशी हेझेलच्या आणि विलोच्या तुऱ्यांकडे डोळे लावून असते, कारण तिचा दुष्काळ हिवाळ्याचा. आपल्या मैदानातल्या माशीची खरी परीक्षा पावसाळ्यात आणि त्याआधीच्या मे-जूनच्या भट्टीत. माघ-फाल्गुनातली मिळकत म्हणजे त्या परीक्षेआधीची भरती. ती कमी पडली तर पोळं उन्हाळ्यात अशक्त शिरतं.

आणि ती कमी पडायला कारणं आहेत. धान कापायला कंबाइन हार्वेस्टर आला की उतेऱ्याची कोवळी रोपं चाकांखाली जातात. कापणीनंतर मोकाट सुटलेली गुरं उरलेलं संपवतात. जिथे कालव्याचं पाणी आहे तिथे उन्हाळी धानाचा मोह आहे, आणि धानाच्या फुलात मकरंद मुळीच नसतो. आंब्यावर तुडतुड्यासाठी ऐन मोहरात फवारणी होते. युरोपीय संघाने निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला, कारण ही औषधं झाडात भिनून परागात आणि मकरंदातही उतरतात. आपल्याकडे निदान फवारणी संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर केली तरी थेट अंगावर पडणारं औषध टळेल.

दुर्गच्या बांध्यांमध्ये धान पिकत आलं की उतेरा शिंपण्याचे दिवस चालू होतात. ज्यांची शेती गावाकडे वाट्याने दिलेली आहे, त्यांनी वाटेकऱ्याशी बोलताना एका बांधीत तरी जवस टाकायला सांगावं. बियाणं थोडं लागतं, आणि चटणीपुरता जवस घरचा होतो.