फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ अटलांटा

फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ अटलांटा ही अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतील बारा प्रादेशिक बँकांपैकी एक आहे. व्यवहारात ती 'अटलांटा फेड' या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्यालय जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात असून तिच्याकडे सहाव्या फेडरल रिझर्व्ह जिल्ह्याची जबाबदारी आहे. अलाबामा, फ्लोरिडा व जॉर्जिया ही संपूर्ण राज्ये आणि लुईझियाना, मिसिसिपी व टेनेसी या राज्यांचे काही भाग या जिल्ह्यात येतात. एक डॉलरच्या नोटेवर ६ हा अंक आणि 'एफ' हे अक्षर असल्यास ती नोट या बँकेच्या नावे जारी झालेली असते.

कायदेशीर स्वरूप

अटलांटा फेड हे एखाद्या केंद्रीय बँकेचे केवळ विभागीय कार्यालय नाही. भारतीय रिझर्व्ह बँक ही एकच संस्था असून मुंबई, नागपूर इत्यादी ठिकाणची तिची कार्यालये हे तिचेच भाग आहेत. अमेरिकेत मात्र प्रत्येक प्रादेशिक बँक स्वतंत्र भागभांडवल आणि स्वतंत्र संचालक मंडळ असलेली संस्था आहे. जिल्ह्यातील सभासद बँकांना तिचे भाग घ्यावे लागतात. हे भाग विकता किंवा गहाण ठेवता येत नाहीत आणि त्यांवरील लाभांश कायद्याने मर्यादित केलेला आहे. खर्च व लाभांश वजा जाता उरलेले उत्पन्न सरकारी खजिन्यात जमा होते.

संचालक मंडळात नऊ सदस्य असतात. त्यांपैकी सहा जणांची निवड सभासद बँका करतात व तिघांची नेमणूक वॉशिंग्टन येथील फेडरल रिझर्व्ह मंडळ करते. बँकेच्या अध्यक्षाची निवड संचालक करतात. परंतु तिला वॉशिंग्टनच्या मंडळाची मान्यता आवश्यक असते. सभासद बँकांचे थेट प्रतिनिधी असलेल्या तीन संचालकांना २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यापासून या निवडीत भाग घेता येत नाही.

स्थापना

फेडरल रिझर्व्ह कायद्यावर अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी २३ डिसेंबर १९१३ रोजी स्वाक्षरी केली. देशाचे किमान आठ व कमाल बारा जिल्हे करावेत एवढेच कायद्यात नमूद होते. सीमा व शहरे ठरविण्याचे काम अर्थमंत्री विल्यम मॅकअडू, कृषिमंत्री डेव्हिड ह्यूस्टन आणि चलन नियंत्रक जॉन स्केल्टन विल्यम्स यांच्या समितीकडे होते. समितीने २ एप्रिल १९१४ रोजी बारा शहरांची नावे जाहीर केली. दक्षिणेकडील सर्वांत मोठे शहर आणि जुने व्यापारी बंदर असलेले न्यू ऑर्लिन्स वगळून अटलांटाची निवड झाल्यामुळे तेथील व्यापारी व बँकर यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

अन्य प्रादेशिक बँकांप्रमाणेच अटलांटा फेडचे कामकाज १६ नोव्हेंबर १९१४ रोजी सुरू झाले. पहिल्या महायुद्धामुळे युरोपकडे होणारी कापसाची निर्यात त्या वेळी खंडित झाली होती आणि भाव कोसळले होते. जिल्ह्यातील शेतकरी पीक हाती येईपर्यंत कर्जावर जगत. त्यामुळे कापसाच्या तारणावर दिलेल्या कर्जाचे कागद बँक स्वीकारणार की नाही, हा प्रश्न गावोगावच्या छोट्या बँकांच्या अस्तित्वाशी जोडलेला होता.

शाखा

न्यू ऑर्लिन्स येथे १९१५ मध्ये उघडलेली शाखा ही संपूर्ण फेडरल रिझर्व्ह व्यवस्थेतील पहिली शाखा होय. त्यानंतर १९१८ मध्ये बर्मिंगहॅम व जॅक्सनव्हिल आणि १९१९ मध्ये नॅशव्हिल येथे शाखा सुरू झाल्या. फ्लोरिडाच्या दक्षिण भागाची लोकसंख्या वाढल्यावर १९७० च्या दशकात मायामी शाखेची भर पडली. प्रत्येक शाखेचे स्वतंत्र संचालक मंडळ असते. स्थानिक उद्योग, शेती, पर्यटन व रोजगार यांची माहिती मुख्यालयास कळविणे हे आज या मंडळांचे प्रमुख काम आहे.

१९२३ ते १९३८ या काळात क्यूबाची राजधानी हवाना येथेही बँकेची एजन्सी होती. सुरुवातीला बॉस्टन येथील प्रादेशिक बँकेचीही तेथे एजन्सी होती. क्यूबात अमेरिकन डॉलर चलनात होता आणि साखरेच्या भावातील चढउतारांमुळे तेथील बँका वारंवार अडचणीत येत. एप्रिल १९२६ मध्ये ठेवीदारांनी पैसे काढण्यासाठी गर्दी केली, तेव्हा अटलांटाहून खास रेल्वेगाडीने की वेस्टपर्यंत आणि तेथून जहाजाने हवानाला रोख रक्कम पाठविण्यात आली. रोकड पोहोचल्यावर घबराट ओसरली.

धनादेशांवरील शुल्काचा वाद

विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामीण बँका परगावाहून आलेला धनादेश वटविताना रकमेतून काही शुल्क कापून घेत. अनेक छोट्या बँकांच्या उत्पन्नाचा हा महत्त्वाचा भाग होता. धनादेश पूर्ण दर्शनी रकमेने वटावेत, अशी फेडरल रिझर्व्हची भूमिका होती. अटलांटा फेड एखाद्या बँकेचे धनादेश साठवून ठेवील आणि एकाच वेळी खिडकीवर सादर करून रोख पैसे मागेल, त्यामुळे आपल्याला मोठी रोकड पडून ठेवावी लागेल, असा आक्षेप घेत जॉर्जियातील काही बँका न्यायालयात गेल्या.

सर्वोच्च न्यायालयाने १९२१ मध्ये हा दावा चालविण्यायोग्य ठरविला. धनादेशाचे पैसे मागण्याचा हक्क असला तरी दुसऱ्याचा व्यवसाय मोडण्याच्या हेतूने तो वापरता येत नाही, असा न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या निकालपत्राचा आशय होता. पुढे पुराव्यांती असा हेतू सिद्ध न झाल्याने १९२३ मध्ये निकाल अटलांटा फेडच्या बाजूने लागला.

महामंदी आणि मिसिसिपीतील सीमारेषा

१९२० मध्ये अटलांटासह चार प्रादेशिक बँकांनी चढत्या व्याजदराची पद्धत अवलंबिली होती. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक कर्ज घेणाऱ्या बँकेला त्यानुसार अधिक दराने व्याज द्यावे लागे. त्याच वर्षी शेतमालाचे भाव कोसळल्याने या पद्धतीवर कठोर टीका झाली व ती सोडून देण्यात आली.

१९२९ मध्ये मात्र बँकेचे धोरण निराळे होते. त्या वर्षी फ्लोरिडात भूमध्यसागरी फळमाशीचा प्रादुर्भाव झाला, फळांच्या वाहतुकीवर निर्बंध आले आणि जुलैमध्ये टॅम्पा शहर व परिसरातील बँकांवर ठेवीदारांची झुंबड उडाली. अटलांटा फेडने टॅम्पा येथे तातडीने रोकड पोहोचवून तेथील प्रमुख बँकांना आधार दिला व घबराट आटोक्यात आली.

नोव्हेंबर १९३० मध्ये नॅशव्हिल येथील कॉल्डवेल अँड कंपनी ही वित्तसंस्था कोसळली. तिच्याशी संबंध असलेल्या दक्षिणेकडील अनेक बँका बुडाल्या आणि भीती सर्वत्र पसरली. या घटनेचा परिणाम अभ्यासण्यासाठी मिसिसिपी राज्य उपयुक्त ठरते, कारण या राज्याचा दक्षिण भाग अटलांटाच्या तर उत्तर भाग सेंट लुईस येथील बँकेच्या जिल्ह्यात येतो. दोन्ही भागांत राज्याचे कायदे तेच होते आणि शेतीवर आधारलेली अर्थव्यवस्थाही बरीचशी सारखी होती. प्रादेशिक बँक मात्र वेगळी होती.

व्यापार मंदावला की पतपुरवठाही आपोआप कमी व्हावा, या मताचा सेंट लुईसवर प्रभाव होता. याउलट, घबराटीच्या काळात मूलतः सक्षम बँकांना चांगल्या तारणावर मुक्तहस्ते कर्ज द्यावे, हे ब्रिटिश लेखक वॉल्टर बॅजट यांचे तत्त्व अटलांटा फेडने अनुसरले. यूजीन ब्लॅक तेव्हा बँकेचे प्रमुख होते. १९३३ मध्ये त्यांची फेडरल रिझर्व्ह मंडळाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी रिचर्डसन व विल्यम ट्रूस्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या संकटात मिसिसिपीच्या दक्षिण भागातील बँका उत्तरेच्या तुलनेत कमी प्रमाणात बुडाल्या, कर्जपुरवठा कमी आक्रसला आणि घाऊक व्यापारही अधिक टिकून राहिला. सेंट लुईसने १९३१ मध्ये आपले धोरण बदलल्यावर दोन्ही भागांतील तफावत कमी झाली. मध्यवर्ती बँकेने 'अखेरचा ऋणदाता' म्हणून वेळीच हस्तक्षेप केल्यास बँकांची पडझड रोखता येते, या मताच्या समर्थनार्थ हा अभ्यास वारंवार उद्धृत केला जातो.

त्या काळी प्रादेशिक बँकांना धोरणाबाबत बरेच स्वातंत्र्य होते. हे स्वातंत्र्य मिसिसिपीच्या दक्षिण भागाला तारक ठरले, तर उत्तर भागाला त्याचीच झळ बसली. १९३३ व १९३५ च्या बँकिंग कायद्यांनी निर्णयाचे बरेचसे अधिकार वॉशिंग्टनकडे एकवटले.

सध्याचे कार्य

बँकांना रोकड पुरविणे व जीर्ण नोटा चलनातून काढणे, जिल्ह्यातील सभासद राज्य बँका व बँकधारक कंपन्यांवर देखरेख ठेवणे, अडचणीतील बँकांना अल्पमुदतीची कर्जे देणे आणि आर्थिक संशोधन करणे ही बँकेची मुख्य कामे आहेत. वेतन, निवृत्तिवेतन इत्यादी रकमा बँक खात्यांत परस्पर जमा करणारी फेडरल रिझर्व्हची स्वयंचलित समाशोधन सेवा आणि धनादेश सेवा यांचे देशपातळीवरील व्यवस्थापन अटलांटा फेडने सांभाळलेले आहे.

चक्रीवादळे ही या जिल्ह्याची नेहमीची आपत्ती आहे. वीज आणि दूरसंचार बंद पडले की कार्डाने पैसे देता येत नाहीत व रोख रकमेची मागणी एकदम वाढते. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्स शाखा बंद ठेवावी लागली आणि तिची कामे अन्य कार्यालयांकडे वळवून पुरवठा चालू ठेवण्यात आला.

व्याजदर ठरविणाऱ्या खुला बाजार समितीच्या प्रत्येक बैठकीत अटलांटा फेडचे अध्यक्ष चर्चेत सहभागी होतात. मतदानाचा अधिकार मात्र अटलांटा, सेंट लुईस व डलस यांना आळीपाळीने दर तीन वर्षांनी मिळतो. २०१७ मध्ये अध्यक्ष झालेले राफेल बॉस्टिक हे कोणत्याही प्रादेशिक फेडरल रिझर्व्ह बँकेचे पहिले आफ्रिकन-अमेरिकन अध्यक्ष होत. बँकेचे 'जीडीपीनाऊ' हे प्रारूप चालू तिमाहीतील आर्थिक वाढीचा अंदाज नवी आकडेवारी येताच सुधारून प्रसिद्ध करते. हा अंदाज गणिती पद्धतीने काढलेला असतो. तो बँकेचे अधिकृत भाकीत नसतो.

टीका

जिल्ह्यांची रचना १९१४ मधील लोकसंख्या व व्यापार यांवर आधारलेली असून ती मुख्यतः तशीच राहिली आहे. त्या वेळी विरळ वस्तीचे असलेले फ्लोरिडा आज देशातील सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्यांपैकी एक आहे. ज्या बँकांवर देखरेख ठेवायची त्याच बँकांनी बहुसंख्य संचालक निवडावेत, या तरतुदीवरही आक्षेप घेतला जातो. स्थानिक माहिती व भिन्न मते राष्ट्रीय धोरणापर्यंत पोहोचण्यासाठी प्रादेशिक रचना आवश्यक आहे, असे तिचे समर्थक मानतात.