शिवारातील खुणा वाचा, मग उपाय करा



सकाळी तुम्ही मळ्यात जाता. उसाची दोन-चार कांडी बुडाशी कुरतडून पडलेली असतात. बांधाला नवे बीळ दिसते. पाटाच्या ओल्या मातीत एखादा पंजा उठलेला असतो. अशा वेळी आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? “विष घाला,” नाहीतर “तार लावा.” नुकसान कोणी केले हे पाहण्याआधीच उपाय ठरतो, आणि चूक होते ती इथेच.

पाहिलेली गोष्ट सांगतो. इंद्रायणीकाठच्या एका मळ्यात ऊस बुडाशी तुटत होता. मालकांनी रानडुकराचे काम समजून चारही बाजूंनी काटेरी तार ओढली. पैसा गेला, ऊस मात्र तुटतच राहिला. नंतर बांधावरून फिरून पाहिले, तर जागोजागी ताज्या मातीचे ढीग आणि घुशीची बिळे! आता सांगा, काटेरी तार घुशीला काय अडवणार?

आपले तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. आज गावच्या एका अंगाला कंपन्यांच्या इमारती, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी, नदीपलीकडे चाकणकडचे कारखाने. मधे जे मळे आणि ओढ्याकाठची झाडी उरली, तिथेच उंदीर, साप, मुंगूस, घुबड, मोर असे सगळे आसऱ्याला येतात. म्हणून शिवारात कोण राहते, कोण नुसते ये-जा करते, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

पाव तासाची सकाळची फेरी

आठवड्यातून निदान दोनदा, ऊन चढण्याआधी बांधावरून एक फेरी मारा. पाटाचा चिखल, पायवाटेची धूळ आणि पाण्याची जागा नीट पाहा. वाटेवर दोन-तीन ठिकाणी चाळलेली माती हातभर रुंद पसरून ठेवली, की रात्री कोण गेले ते सकाळी वाचता येते. दिसेल ते तारखेसह वहीत लिहा. ओळखायच्या खुणा अशा:

१) उंदीर व घूस – कांड्यावर बारीक दातांचे ओरखडे, बिळाच्या तोंडाशी ताजी माती. संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील तेवढीच चालू बिळे समजा.

२) रानडुक्कर – नांगर फिरवल्यासारखी उकरलेली जमीन, दोन खुरांचा ठसा, चावून टाकलेला उसाचा चोथा. गावातली मोकाट डुकरेही असेच करतात, त्यामुळे जनावर डोळ्यांनी पाहून खात्री करा. मोकाट डुकरांची तक्रार महापालिकेकडे, रानडुकरांची वनखात्याकडे.

३) मोर – पुढे तीन लांब बोटांचा ठसा, नुकत्याच पेरलेल्या ओळीत टोचलेले दाणे. मोर दाणे खातो तसे किडे आणि लहान सापही खातो. पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस राखण केली की बरेचसे भागते.

४) बिबट्या – गोलसर पंजा, चार बोटे, रुंदी साधारण आपल्या तळहाताएवढी, आणि नखे उमटलेली नसतात. कुत्र्याच्या पंजात बोटांपुढे नखांचे ठिपके दिसतात. हा फरक घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

उंदीर शत्रू, पण त्याचे शत्रू आपले मित्र

धामण, मुंगूस आणि गव्हाणी घुबड हे तिघे उंदरांवर जगतात आणि मजुरी मागत नाहीत. घुबड अपशकुनी म्हणून आपण त्याला हाकलतो, धामण नाग समजून मारतो, आणि मग उंदीर वाढले म्हणून विष विकत आणतो. हा उलटा व्यवहार सोडा. शेतात पाच-सहा ठिकाणी आडवी काठी बांधलेले उंच पक्षिथांबे उभे करा. दिवसा त्यांवर किडे टिपणारे पक्षी बसतील, रात्री घुबड बसेल. बांधावरचे जुने ढोलीचे झाड तोडू नका.

विष वापरायचेच झाले, तर झिंक फॉस्फाइड फक्त चालू बिळांत वापरावे. आधी दोन-तीन दिवस तेल लावलेला साधा भरडा ठेवून उंदरांना चटक लावावी, मग एकदाच विषारी आमिष बिळाच्या आत सरकवावे. प्रमाण पाकिटावरील सूचनेप्रमाणे ठेवावे आणि हातमोजे घालावेत. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर व उरलेले आमिष गोळा करून खोल पुरावे. उघड्यावर राहिले तर कोंबडी, कुत्रे आणि घुबडही त्याला बळी पडेल. या विषाला उतारा नाही. घरात लहान मूल असेल तर पाकीट कुलपात ठेवा.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे प्रमुख विषारी साप चार – नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी आणि उंच बूट हवेतच. जमिनीवर झोपू नका, मण्यार रात्री अंथरुणात येते. साप चावलाच तर जखम कापू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, हातपाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठा. सापाच्या विषावर औषध एकच, ते म्हणजे दवाखान्यातले प्रतिविष.

तारेत वीज सोडू नका

रानडुकराच्या त्रासाने माणूस मेटाकुटीला येतो, हे खरे. पण पंपाच्या लाइनीवरून कुंपणात थेट वीज सोडणे म्हणजे घातच. अंधारात त्या तारेला पहिला हात शेजाऱ्याचा लागेल, किंवा आपल्याच पोराचा. शिवाय तो गुन्हा आहे. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. त्यात बॅटरीवरचे यंत्र क्षणभराचा झटका देते, जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. एकट्याला खर्च झेपत नसेल तर लगतच्या चार-पाच जणांनी मिळून करावे. रात्रीची राखणही पाळीपाळीने करावी.

बिबट्याबाबत गाफील राहू नका

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत धरणे-कालवे झाले, ऊस वाढला. उसात बिबट्याला आडोसा मिळाला, पाणी मिळाले आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या हे खाद्यही मिळाले. आता त्यांची पिल्ले उसातच जन्मतात. आपला पट्टा खेडला लागून आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांसह माणसे गेली. तेव्हा हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही.

“पकडा आणि लांब सोडा” असे आपण म्हणतो. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात तेच झाले. डॉ. विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले, की पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते या काळात १७ वर गेले. परक्या जागी सोडलेले जनावर बिथरते, आणि त्याची रिकामी जागा दुसरे घेते. पिंजरा कुठे लावायचा ते वनखाते ठरवील. आपल्या हातात आहे ते आपण करू:

• शेळ्या-वासरे रात्री छप्पर व जाळी असलेल्या बंद गोठ्यात ठेवा.
• खरकटे, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.
• अंधार पडल्यावर मुलांना एकटे अंगणात सोडू नका. घर आणि ऊस यांत मोकळी जागा ठेवा.
• वाकून काम करताना, उघड्यावर बसताना सोबत हवी. मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणे लावून चला.
• ऊसतोडीत पिल्ले दिसली तर हात लावू नका. तेवढी तोड थांबवा, माणसे मागे घ्या, वनखात्याला कळवा. आई आसपासच असते, रात्री येऊन पिल्ले घेऊन जाते. पिल्ले हलवली तर ती चवताळते.
• बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, गर्दी करून घेरू नका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा.

नुकसान झाले तर

जनावर मारले गेले तर ४८ तासांच्या आत आणि रानडुकराने पीक खाल्ले तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक किंवा वनपालाला कळवा. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नका. सातबारा उतारा आणि बँक पासबुक तयार ठेवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. तुमच्या वहीतील तारखा आणि खुणा पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतील.

मंडळी, खुणा रोज मातीत उमटतात आणि वाऱ्या-पाण्याने पुसल्या जातात. त्या पुसण्याआधी वाचणारा शेतकरी खर्च वाचवतो आणि कधी कधी जीवही वाचवतो. या आठवड्यात एकच करा. हे पत्रक घरात मोठ्याने वाचा, आणि उद्या सकाळी पोरांना बरोबर घेऊन बांधावरून फेरी मारा. काय काय दिसले ते आम्हाला कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवा.