तिकिटावरचा नवरंग

राखीचे पाकीट आले की आपण राखी काढून घेतो आणि पाकीट टाकून देतो. जरा थांबा. पाकिटाच्या कोपऱ्यात तिकीट आहे, ते पाहिले का? त्यावर 'भारत' ही अक्षरे आहेत. किंमत आहे. वर टपालाचा काळा शिक्का आहे. शिक्का नीट उमटला असेल, तर गाव आणि तारीखही वाचता येते. आणि कधी कधी त्या तिकिटावर एखादे पाखरू असते.

आम्हांला असे पहिले तिकीट तारेला ओवलेल्या जुन्या पत्रांत सापडले. हिरव्या पाठीचा, पोटाखाली लाल, डोळ्यावर काळा पट्टा असा पक्षी. किंमत २५ पैसे. आम्ही घाईने तिकीट ओरबाडले. ते फाटले आणि शेपटी पाकिटालाच राहिली. बिचाऱ्याची शेपटी मुळातच आखूड!

तो होता नवरंग. १९७५ साली टपाल खात्याने चार पक्ष्यांची तिकिटे काढली. त्यांत नवरंग आणि काळ्या डोक्याचा हळद्या हे आपल्याकडचे. बाकीचे दोन हिमालयातले. नवरंगाची दोन सुरांची शीळ आम्ही दर पावसाळ्याच्या तोंडाला ऐकत होतो. पहाटे आणि सांजेला ती झाडीतून येते. पावसाळ्यात तो इकडे घरटे करतो, थंडीत दक्षिणेकडे जातो. पण फिरतो झुडपांखाली, पाचोळा चिवडीत. म्हणून सहसा दिसत नाही. शीळ ओळखीची होती; ती घालणारा कोण, हे तिकिटामुळे कळले.

आता तिकीट काढायची रीत. भोवती बोटभर कागद ठेवून कातरीने कापा. थाळीत साधे पाणी घेऊन अर्धा तास भिजू द्या. तिकीट आपोआप सुटते, ओढायचे नाही. मग दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर जड पुस्तक ठेवा. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई लागते. चुलीपाशी वाळवाल तर गुंडाळी होईल. वहीत तिकीट चिकटवू नका. कागदाची पट्टी खालून चिकटवून खिसा करा, त्यात ते ठेवा.

हल्ली पत्रे कमी झाली. पुष्कळ पाकिटांवर तिकिटाऐवजी छापील चिठ्ठी असते. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसात संग्राहकांसाठी वेगळी सोय आहे. पण शिक्का बसलेले, आपल्या दारी आलेले तिकीट आम्हांला जास्त मोलाचे वाटते.

९ जुलै २०१० रोजी कबुतराचे आणि चिमणीचे तिकीट निघाले. चिमणीचे तिकीट कशाला, असे आमच्यातले एकजण म्हणाले. चिमण्या काय, घरोघरी! पण शहरांत चिमण्या कमी झाल्याची ओरड तेव्हा चालू होती. त्याच वर्षी २० मार्चला पहिला जागतिक चिमणी दिवस झाला होता. मग आम्ही आमच्याच आळीतल्या वळचणी पाहत गेलो. कौले जाऊन स्लॅब पडलेल्या घरांत एकही घरटे सापडले नाही. जुन्या कौलारू घरांत तीन होती.