फर्निचरसकट बंगला घेताय? आधी सातबारा वाचा

घोटावड्याकडून रिहे खोऱ्यात शिरले की भातखाचरांच्या कडेला बंगले दिसू लागतात. शनिवार-रविवारी पुण्याचे पाहुणे येतात, भाडे मिळते. त्यामुळे जमीन विकून आलेल्या पैशातून पलंग, सोफा, फ्रीजसकट तयार बंगला घ्यावा, असे काही शेतकरी बंधूंच्या मनात येते. विचार वाईट नाही. पण जमीन एकदाच विकली जाते. तो पैसा अडकला तर पुन्हा उभे राहणे कठीण.

पहिल्यांदा सातबारा व फेरफार काढा. ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद आहे का ते पाहा. बिनशेतीचा व बांधकाम परवानगीचा कागद मागा. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार नको. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे.

सामानाची यादी साठेखताला जोडा. नग, अवस्था, किंमत लिहा. सुट्या सामानाची किंमत वेगळी दाखवता येते. पण जुन्या सोफ्याला पाच लाख लावून मुद्रांक शुल्क वाचेल, या भ्रमात राहू नका. घराचे शुल्क सरकारी बाजारमूल्याच्या खाली जात नाही. विकणाऱ्याने पुढच्या बुकिंगची आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती कोणाची, हेही लिहून घ्या.

घराची किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का आयकर कापून सरकारजमा करायचा असतो. विसरलात तर व्याज-दंड तुमच्याच माथी.

शेतातले घर म्हणून पाहुण्यांचे भाडे शेतीचे उत्पन्न ठरत नाही. ते करपात्र आहे. नुसत्या घरभाड्यावर 30 टक्के वजावट मिळते. सामान आणि जेवणखाणासकट दिले तर ते सहसा धंद्याचे उत्पन्न धरतात. तिथे प्रत्यक्ष खर्च व घसारा दाखवावा लागतो. म्हणून बिले जपा. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणीही आली.

‘दर आठवड्याला फुल्ल असतं’ या बोलण्यावर जाऊ नका. दोन वर्षांचा हिशेब व वीजबिले पाहा. बोअरचे पाणी मे महिन्यात तपासा.

आणि सगळी जमीन विकू नका. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नावावर गुंठाही उरला नाही, तर उद्या शेतजमीन घेताना ‘शेतकरी असल्याचा पुरावा आणा’ हे तुम्हालाच ऐकावे लागेल.