शेअरची कीर्द आपली आपण

मैत्रिणींनो, बैठकीत "रोख किती?" असं विचारलं की आपली सचिव ताई अंदाजाने उत्तर देत नाही. कीर्द उघडते, पेटीतले पैसे मोजते, दोन्ही जुळलं की मग सांगते. शेअरच्या बाबतीत मात्र बऱ्याच घरांत हे होत नाही. मुलाने मोबाइलवर डीमॅट खातं काढून दिलेलं असतं, आईच्या नावावर चार-दोन कंपन्यांचे शेअर असतात, आणि कुणी विचारलं की अ‍ॅप उघडून दिसेल तो आकडा वाचायचा. हा आकडा दुसऱ्याने मांडलेला असतो. आपण काहीच मोजलेलं नसतं.

आधीच सांगते, हा लेख शेअर घ्या म्हणणारा नाही. गटाची बचत तर शेअरमध्ये घालायचीच नाही. ती अंतर्गत कर्जासाठी आहे, दवाखाना, बियाणं, पोरांची फी असल्या नडीला. ज्यांच्या स्वतःच्या नावावर आधीच शेअर आहेत त्यांनी हिशोब कसा ठेवायचा, एवढंच इथे सांगायचं आहे.

हिशोबाला दोन गोष्टी लागतात. आपल्याकडे शेअर किती, आणि एका शेअरचा भाव काय.

किती, हे अ‍ॅपवरून घेऊ नका. आपले शेअर दलालाकडे नसतात. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीकडे जमा असतात, धान्य गोदामात ठेवावं तसे. खात्यात व्यवहार झाला की डिपॉझिटरी पुढच्या महिन्यात ईमेलवर एकत्रित पत्रक पाठवते. व्यवहार नसेल तर सहा महिन्यांतून एकदा येतं. ते उघडायला पासवर्ड म्हणून आपला पॅन क्रमांक लागतो. खातं काढताना ईमेल मुलाचा दिला असेल तर आजच त्याच्याकडून ते पत्रक मागून घ्या.

भाव मात्र घरबसल्या मिळतो, आणि फुकट. मोबाइलवर गूगल शीट्स उघडा, नवीन पान घ्या. पहिल्या ओळीत पाच रकान्यांना नावं द्या: कोड, संख्या, खरेदी भाव, आजचा भाव, आजची किंमत. दुसऱ्या ओळीत, ए२ या चौकोनात, शेअरचा कोड लिहा. रिलायन्सचा शेअर असेल तर एनएसई, मग दोन टिंबं, मग रिलायन्स, मध्ये जागा न सोडता. बी२ मध्ये पत्रकावरची संख्या, सी२ मध्ये आपण घेतला तो भाव. आता डी२ मध्ये हे सूत्र:

=गूगलफायनान्स(ए२)

इथे आपल्या लिपीत छापलंय, पण कोड आणि सूत्र टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत. गूगल आणि फायनान्स हे दोन शब्द जोडून लिहायचे. क्षणभर थांबलं की भाव आपोआप येतो. तो वीसेक मिनिटं मागचा असू शकतो. रोज घेणं-विकणं करणाऱ्याला ते चालणार नाही, आपल्याला चालतं. ई२ मध्ये =बी२*डी२ लिहिलं की आजची किंमत तयार. पुढच्या कंपनीला पुढची ओळ.

इथे एक गोष्ट पुष्कळजणींच्या लक्षात येत नाही. डी रकान्यातला भाव आपल्याकडे राहत नाही. आज दिसला तो उद्या बदलणार, कालचा पुसला जाणार. फळ्यावर लिहिल्यासारखं आहे ते, कीर्द नव्हे. म्हणून त्याच फाइलमध्ये दुसरं पान करा, त्याला 'नोंद' नाव द्या. दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, बाजार बंद झाल्यावर म्हणजे दुपारी साडेतीननंतर, तारीख, संख्या, भाव आणि किंमत तिथे हाताने लिहा. नुसतं कॉपी करून चिकटवलं तर कधीकधी आकड्याऐवजी सूत्रच चिकटतं आणि तो भावही बदलत राहतो. चार-पाच आकडे हाताने लिहिणंच बरं.

एखादा महिना राहून गेला तर जुना भावही मागता येतो:

=गूगलफायनान्स(ए२,"क्लोज",डेट(२०२४,१२,३१))

हे ३१ डिसेंबर २०२४ चा बंद भाव आणून देतं. 'क्लोज' आणि 'डेट' हेही इंग्रजीतच लिहायचं. उत्तर चार चौकोनांत पसरतं, तेव्हा उजवीकडची आणि खालची जागा मोकळी ठेवा. शनिवार, रविवार किंवा सुट्टीची तारीख दिली तर चूक दाखवतं. मग आदल्या दिवसाची द्यायची.

आता घाबरवणारा प्रसंग. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. २,६५० रुपयांच्या आसपासचा भाव एकदम १,३३० च्या आसपास आला. समजा एखाद्या ताईकडे २० शेअर होते. काल तिच्या पत्रकात ५३,००० रुपये होते आणि आज २६,६०० दिसू लागले. पैसे बुडाले का? नाही. शेअर २० चे ४० झाले, पण बी रकान्यात आपणच २० लिहून ठेवलेले. भाव आपोआप येतो, संख्या येत नाही. भाव अचानक निम्मा दिसला तर घाईने विकायचं नाही. बोनस किंवा विभागणी झाली का ते पाहायचं, पत्रकावरची नवी संख्या घ्यायची.

याच दोन आकड्यांनी फसवणूकही पकडता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी गटात जोडतात, कुणी 'सर' टिप देतात, त्यांचंच अ‍ॅप घ्यायला लावतात आणि पैसे कुणाच्या तरी खात्यात भरायला सांगतात. अ‍ॅपमध्ये १० हजाराचे ४० हजार दिसतात. काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा". अशा अ‍ॅपमधला भाव आपल्या पत्रकातल्या भावाशी ताडून पाहा. भाव जुळला तरी थांबू नका, कारण खरा भाव दाखवणं त्यांना अवघड नाही. डिपॉझिटरीच्या पत्रकात ते शेअर आहेत का ते बघा. व्यवहार झाल्याच्या पुढच्या महिन्यातही तिथे नसतील, तर आपल्या नावावर काहीच घेतलेलं नाही. एक रुपयाही आणखी न भरता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

नोंदीच्या पानाच्या तळाशी डीमॅट खात्याचा क्रमांक, डिपॉझिटरीचं नाव आणि नॉमिनी कोण ते लिहून ठेवा. पिन, पासवर्ड तिथे लिहायचा नाही. पान घरातल्या एका भरवशाच्या माणसाला फक्त बघण्यापुरतं द्या, बदलण्यापुरतं नको. घरातला कर्ता माणूस गेल्यावर शेअर कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं, असं होतं. सलग सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथून परत मिळतात, पण कागदपत्रांची यादी लांबलचक आहे. म्हणून मालकांच्या नावावर शेअर असतील तर त्यांचंही एक पान करून घ्या, ते घरी असताना, त्यांना शेजारी बसवून.