बोट धरून बोटीवर

बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर दुपारी रांग लागते तेव्हा लहान मूल असलेली कुटुंबं लांबूनच ओळखू येतात. बाबांच्या खांद्यावर डायपरची फुगलेली बॅग आणि हातात घडी घातलेली बाबागाडी. आईच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल. आजीच्या पिशवीत नाचणीसत्त्वाचा डबा. मोठी माणसं मान वर करून समोरच्या इमारतीएवढ्या जहाजाकडे बघत असतात. मूल मात्र तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावरून यंत्रात गडप झालेल्या आपल्या बाहुल्यासाठी भोकाड पसरतं.

पुढचे दोन-तीन दिवस साधारण असेच जातात. मोठे समुद्र बघतात आणि मूल लिफ्टची बटणं बघतं.

मराठी माणसाला सहकुटुंब बोटीचा प्रवास नवा नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसं एके काळी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत चढत. डेकवर वळकटी पसरली की त्यावरच मुलंबाळं, ट्रंका आणि शिदोरी. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. रस्ते सुधारले, पुढे कोकण रेल्वे आली आणि ते सगळं आठवणींत गेलं. आता बोट परतली आहे ती सहलीच्या रूपात. कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाऊ लागलं. फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सुरू झालं होतं. लांबी सुमारे २११ मीटर. त्याशिवाय सिंगापूरच्या सहलीला जोडून क्रूझ करणारी कुटुंबं आहेत आणि अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आजी-आजोबा नातवंडांसह फ्लोरिडाहून कॅरिबियन बेटांकडे निघतात.

आरक्षण करतानाच पहिला धक्का बसतो. एसटीत आणि रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट जातं, विमानात दोन वर्षांखालचं मांडीवर चालतं. जहाजावर मांडी हा प्रकारच नाही. आठ महिन्यांचं बाळसुद्धा एक पूर्ण माणूस धरलं जातं, कारण हिशोब खुर्च्यांचा नसून जीवरक्षक नौकांमधल्या जागांचा असतो. केबिनमध्ये किती जण राहणार हेही त्यावरच ठरतं. म्हणून ‘तीन जणांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं आणि एक तान्हं’ असं सांगितलं की एजंट मान हलवतो.

दुसरी अट वयाची. रॉयल कॅरिबियन, डिस्ने यांसारख्या मोठ्या कंपन्या सहसा सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना ही मर्यादा बारा महिन्यांवर जाते. कारण उघड आहे. जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका असतात, सलाईन लावता येतं, टाके घालता येतात. पण बालरोगतज्ज्ञ असेलच असं नाही आणि नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग तर नसतोच. भर समुद्रात बाळ गंभीर आजारी पडलं तर जवळचं बंदर गाठणं किंवा हेलिकॉप्टर बोलावणं एवढेच मार्ग उरतात. दोन्हींचा खर्च डोळे पांढरे करणारा असतो. परदेशी क्रूझला निघताना प्रवास विम्यात आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे बघून घ्यावं ते याचसाठी. गोवर-रुबेलाची लस वेळापत्रकाप्रमाणे झाली आहे ना, हेही निघण्याआधीच तपासायचं. आपल्याकडे तिचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात.

कागदपत्रांत एक गोष्ट नेहमी निसटते. सिंगापूरहून निघालेलं जहाज मलेशियाला टेकून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे त्या देशात प्रवेश दोनदा होतो. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो आणि तो मुलाच्या पासपोर्टवरही लागतो. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे पहिल्या वाढदिवसाच्या हौसेने काढलेल्या पासपोर्टची तारीख कधी संपते हे बघायचं राहून जातं.

चढल्यावर सामान लावण्याआधी जहाज प्रवाशांना कामाला लावतं. संकटकाळी कुठे जमायचं याचा सराव सक्तीचा असतो. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटून कलंडलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तेव्हा व्हायचाच होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणं बंधनकारक झालं. सात छोटे आणि एक लांब भोंगा ही धोक्याची खूण. हा आवाज ऐकून मुलं हमखास रडतात, तेव्हा आधीच कानाशी ‘आता भोंगा वाजणार हं’ म्हणून ठेवलेलं बरं.

या वेळी आईबाबांनी एक काम विसरू नये, ते म्हणजे मुलाचं जीवनरक्षक जॅकेट मागून घेणं. कपाटातली जॅकेटं बहुतेकदा मोठ्यांची असतात. नियमानुसार १५ किलोखालच्या बाळांची जॅकेटं वेगळी आणि १५ ते ४३ किलोच्या मुलांची वेगळी. एक दिवसाहून लांबच्या सफरीवर प्रत्येक बाळासाठी तसं जॅकेट असलंच पाहिजे. पण ते केबिनमध्ये आपोआप येईलच असं नाही, कर्मचाऱ्याला सांगावं लागतं. मिळालं की एकदा घालून बघायचं. मोठ्यांचं जॅकेट घातलेलं दोन वर्षांचं मूल हात वर करताच त्यातून सुर्रकन खाली घसरतं.

केबिन म्हणजे साधारण आपल्या फ्लॅटमधली एक बेडरूम, त्यातच न्हाणीघर आणि कपाट. बाळाचा घडीचा पाळणा बहुतेक कंपन्या मागितल्यावर देतात, पण त्यांची संख्या मोजकी असते, म्हणून आरक्षणाच्या वेळीच सांगायचं. तो मांडला की चालायला जागा उरत नाही. न्हाणीघराच्या दाराला वीतभर उंबरा असतो आणि नुकतं चालायला शिकलेलं मूल तिथे अडखळतंच. टब क्वचित असतो, बहुतेक केबिनमध्ये फक्त शॉवर. डोक्यावरून पाण्याची धार आली की बादली-मगाची सवय असलेली मुलं घाबरतात. हवा भरून फुगवायचा छोटा टब बॅगेत टाकणारे पालक नंतर स्वतःचीच पाठ थोपटून घेतात. शौचालय निर्वात यंत्रणेचं असतं. बटण दाबलं की ‘धस्स’ असा मोठा आवाज होऊन सगळं खेचलं जातं. नुकतंच पॉटीवर बसायला लागलेलं मूल तो आवाज ऐकून पुन्हा डायपरवर येतं.

खरा जपण्याचा भाग म्हणजे दरवाजे. केबिनचे दरवाजे आग अडवण्यासाठी बनवलेले, जड आणि आपोआप मिटणारे असतात. बाहेरच्या डेकवरच्या दारांना वाऱ्याचाही जोर मिळतो. लहान बोटं तिथे चेमटतात. आपल्या भाषेत बोट आणि बोट एकच, पण बोटीवर बोटं सांभाळायची ती इथे. बाल्कनीची केबिन घेतली असेल तर कठड्याजवळची खुर्ची आणि टीपॉय भिंतीशी सरकवायचे आणि सरकत्या दाराची वरची कडी कायम लावून ठेवायची. दोन वर्षांच्या मुलाला खुर्ची ही बसायची वस्तू वाटत नाही, चढायची वाटते. दुपारची झोप महत्त्वाची असेल तर खिडकीविना आतली केबिन स्वस्तही पडते आणि तिथे भर दुपारी रात्रीचा अंधार करता येतो.

पोहण्याच्या तलावाचं गणित बऱ्याच घरांना तिथे गेल्यावरच कळतं. ज्या जहाजांना अमेरिकी बंदरांतला आरोग्य तपासणीचा नियम लागू आहे, तिथे डायपर वापरणाऱ्या मुलाला साध्या तलावात सोडत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरीही. तो डायपर घट्ट मल काही वेळ अडवतो, पातळ मल आणि जंतू अडवत नाही. एक अपघात झाला की तलाव रिकामा करून धुवावा लागतो. म्हणून मोठ्या जहाजांवर डायपरवाल्या मुलांसाठी पाण्याच्या कारंज्यांचा वेगळा कोपरा असतो. रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर, जे जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी घेऊन निघालं, सहा वर्षांखालच्या मुलांच्या कुटुंबांसाठी ‘सर्फसाइड’ नावाचा अख्खा भाग आहे. लहान आणि जुन्या जहाजांवर असं काही मिळेलच याची खात्री नाही, आधी विचारून घ्यावं.

पाळणाघरांचीही अशीच सीमारेषा आहे. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी तासावर पैसे घेऊन सांभाळायची सोय आहे, रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवरही आहे. तिथून पुढचे मुलांचे क्लब विनामूल्य, पण तीन वर्षं पूर्ण आणि शी-शू सांगणारं मूल हवं. तीन वर्षं पूर्ण झालेलं, पण अजून डायपरमधलं मूल ना इकडचं ना तिकडचं. जहाजाच्या जाहिरातीत घसरगुंड्या आणि नाट्यगृह दिसतं. या वयाच्या मुलाला त्यातलं फारच थोडं उपयोगी पडतं आणि आईबाबा आळीपाळीने कार्यक्रम बघून येतात.

जेवणाच्या बाबतीत मात्र भारतीय प्रवासी असलेल्या जहाजांवर फारशी काळजी नसते. वरणभात, दही, केळी, उकडलेले बटाटे बुफेत सापडतात. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी दोन पंगती असतात. लहान मूल असेल तर पहिली, साडेपाच-सहाची पंगत घ्यावी. दुसऱ्या पंगतीत मूल सूपच्या वाटीत डोकं ठेवून झोपतं. नाचणीसत्त्व किंवा फॉर्म्युला दुधाचा सीलबंद डबा नेता येतो. विजेची किटली आणि शेगडी मात्र नाही. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी असते, त्यामुळे तापणारी उपकरणं सामान तपासतानाच काढून घेतली जातात. गरम पाणी बुफेतून मिळतं, म्हणून घरून एक चांगला थर्मास न्यावा.

आणि उलटी? ‘बोट लागणं’ या शब्दाने पिढ्यांना घाबरवलं आहे. बसमध्ये ‘गाडी लागते’, तशीच समुद्रात ‘बोट लागते’. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की आपण हलतोय आणि डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, या गोंधळातून मळमळ होते. गंमत अशी की दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. त्यानंतर तो वाढत जातो आणि शाळकरी वयात सगळ्यात जास्त असतो. दोन-अडीच वर्षांचं मूल ‘मळमळतंय’ म्हणत नाही. ते फिकट पडतं, जांभया देतं, लाळ गाळतं, किरकिर करतं. तेव्हा त्याला मोकळ्या डेकवर, क्षितिज दिसेल असं कडेवर घेऊन उभं राहायचं. घरच्या डब्यातली मोठ्यांची उलटीची गोळी अर्धी करून द्यायची नाही. प्रोमेथाझिन हे त्यातलं नेहमीचं औषध दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये श्वास मंदावू शकतं. औषध हवंच असेल तर ते निघण्याआधी मुलाच्या डॉक्टरांकडून घ्यावं. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन सगळ्यात कमी डोलते. अरबी समुद्र दिवाळीनंतर शांत असतो. पावसाळ्यात मात्र तो खवळतो, आणि कोकणच्या आगबोटीही त्या महिन्यांत बंदच असत.

हात धुण्याचा मुद्दा छोटा, पण टाळण्यासारखा नाही. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या जेलने नीट मरत नाही. साबण आणि पाणी लागतं, वीसेक सेकंद चोळून. जे मूल लिफ्टचं बटण दाबून तेच बोट तोंडात घालतं, त्याच्यासाठी हे दिवसातून दहा वेळा.

किनाऱ्यावर उतरायचं की नाही, हा निर्णय मुलाच्या झोपेवर सोडणारी कुटुंबं सुखी दिसतात. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, बाबागाडी सरळ खाली उतरते. लक्षद्वीपला मोठ्या जहाजासाठी खोल धक्का नाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून प्रवासी बेटावर जातात. जुन्या पडावांची आठवण यावी असंच दृश्य. हलत्या बोटीत पाय टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून इथे बाबागाडी केबिनमध्ये आणि मूल छातीला बांधलेल्या झोळीत. निम्मे प्रवासी बेटावर गेले की जहाज रिकामं होतं. मग ज्या डेकवर काल पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे एखादं मूल खुर्च्यांच्या रांगेतून एकटं दुडदुडत धावतं आणि मागून आजोबा.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. कर्मचारी त्या रात्रीच घेऊन जातात, सकाळी त्या टर्मिनलवर मिळतात. मग पहाटे मुलाचा डायपर गळतो, पलंग भिजतो, आणि बदलायचे सगळे कपडे चार मजले खाली गेलेल्या बॅगेत असल्याचं लक्षात येतं. बॅलार्ड पिअरला सकाळी उतरणाऱ्या रांगेत बाबांच्या टी-शर्टमध्ये पावलांपर्यंत गुंडाळलेलं एखादं मूल दिसलं, तर त्या घराने आदल्या रात्री काय केलं ते सांगावं लागत नाही.